सत्तावीस मास्तर

सिंदी मेघेत कुठल्याही घरासमोर उभे राहा आणि लोखंडी फाटक उघडायच्या आधी जरा वाकून कडी बघा. कडीच्या खाली, रंगाच्या दोन-तीन थरांखाली, बोटाला लागतील असे दोन आकडे सापडतील : २७. बुद्धविहाराच्या कठड्यावर २७, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर २७, आमच्या गल्लीतल्या रसवंतीच्या चरकाच्या पायाला पण २७. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी सरकारी योजनेचा अनुक्रमांक असेल. आपल्याकडे योजनेच्या आधी तिचा नंबर येऊन बसतो, म्हणून मी फार खोलात गेले नाही.

तो नंबर एका माणसाचा होता. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवून निवृत्त झालेले मास्तर. उंच, काटकुळे, खिशात कायम खडूचा तुकडा, आणि डोळ्यांवर वेल्डिंगने कमी केलेल्या नजरेचा जाड चष्मा. सारी वस्ती त्यांना सत्तावीस मास्तर म्हणायची आणि तेही त्या नावाला ओ द्यायचे. पोस्टमन त्यांच्या नावाचं पत्र घेऊन अर्धा तास फिरायचा आणि 'सत्तावीस' म्हटलं की सरळ दारात यायचा.

आयटीआयत रीत असते. मुलाने जॉब, म्हणजे दिलेलं काम, पुरा केला की लोखंडावर पंचाने, म्हणजे टोकाला आकडा कोरलेल्या पोलादी खिळ्याने, आपला रोल नंबर ठोकायचा, म्हणजे तपासणाऱ्याला कळतं की हे काम कोणाचं. पोरं दोन वर्षं ठोकतात आणि बाहेर पडली की विसरतात. मास्तरांचा विद्यार्थीदशेतला रोल नंबर सत्तावीस होता, तो त्यांनी जन्मभर ठोकला. मी एकदा जरा खवचटपणे विचारलं, की मास्तर, एवढी हौस कशाची, काय मंत्री आहात काय तुम्ही? ते चिडले नाहीत. वडनेरकडचं त्यांचं गाव, वडील जिनिंगमध्ये मजूर. "माहा बाप तीस वरस कापसाच्या गाठी बांधे," ते म्हणाले. "गाठीवर शेठचा मार्का राहे. बांधनाऱ्याचं नाव एकाही गाठीवर नाई." आणि परत कानशीने घासायला लागले.

माझी न् त्यांची गाठ बाबांच्या मोटारसायकलमुळे पडली. बाबा लाइनमन होते. ती काळी टू-स्ट्रोक घेऊन ते पंचवीस वर्षं सेलू-केळझरकडची गावं फिरले. ते गेल्यावर मला अनुकंपावर नोकरी लागली, वीजबिलाच्या खिडकीवर. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी त्यांच्यावर, त्यामुळे माझ्या नाकावर राग कायम बसलेला असतो, हे आधीच सांगून ठेवते. गाडी चार वर्षं अंगणात गंजत उभी होती. नोंदणीची मुदत संपली, आरसीचं पुस्तक अजून बाबांच्या नावावर. आईने भंगारवाल्याला बोलावलं. त्याने टाकीवर टिचकी मारली. मी त्याला पाणी पाजून वाटेला लावलं आणि आईला म्हटलं, ही मी चालवणार.

आता चालवायची तर नुसती कशाला? मी मोबाइलवर महिनाभर व्हिडिओ बघून ठेवले होते. कॅफे रेसर! खाली वाकलेलं हँडल, एका माणसापुरती सीट, मागे छोटंसं कुबड, मडगार्ड जवळजवळ नाहीच. नागपूरच्या एका गॅरेजला विचारलं तर त्याने असा आकडा सांगितला की तेवढ्यात नवी गाडी आली असती. शेवटी कोणीतरी म्हणालं, सत्तावीस मास्तरांकडे जा, ते पैशाचं काम पैशाशिवाय करतात. मी गाडी ढकलत गेले.

मास्तरांनी माझ्या मोबाइलमधला व्हिडिओ डोळ्यांच्या अगदी जवळ धरून दोनदा पाहिला. मग विचारलं, यावर बसणार किती जण? मी म्हटलं, एक. मग हे कुबड कशाला? मी म्हटलं, दिसायला. त्यांनी व्हिडिओ तिसऱ्यांदा पाहिला. नंतर म्हणाले, "दिसाले बी काम लागते. काम खोटं नसलं म्हंजे झालं." एवढ्या बोलीवर आमचं ठरलं. मजुरीचं विचारलं तर म्हणाले, दर रविवारी ये आणि हाताखाली उभी राहा, मले आता बारीक दिसत नाई.

पुढचे सात-आठ महिने माझे रविवार त्यांच्या अंगणात गेले. गाडी खोलायची मास्तरांची एक पद्धत होती. जो भाग निघाला तो फरशीवर ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने ठेवायचा आणि भोवती खडूने रेघ ओढायची. रेघेच्या आत दुसरं काही ठेवायचं नाही. दोन रविवारांत सगळं अंगण खडूच्या घरांनी भरलं. मास्तरीणबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, झाडू हातात धरून बघत राहायच्या. त्या शाळेत पोषण आहार शिजवायच्या, दोनशे पोरांना ओळीत बसवणाऱ्या बाईला स्वतःच्या अंगणात पाऊल ठेवायला जागा नाही! त्या मला म्हणायच्या, "बाई, तुही गाडी तयार होईन तवा होईन, माहं घर आधी खोलून ठेवलं यानं."

उन्हाळा लागला तेव्हा तंटा वाढला. मास्तरीणबाईंनी बाजेवर मुगवड्या घातल्या होत्या आणि मास्तरांनी कार्बोरेटरचे धुतलेले बारीक भाग वाळायला त्याच बाजेच्या कोपऱ्यावर ठेवले, अर्थात भोवती खडूची रेघ ओढून. बाजेवरच्या लुगड्यावर खडू! संध्याकाळी सुई सापडेना. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी, करंगळीच्या नखाएवढी पितळी सुई. जुन्या गाडीची, कंपनीही बंद पडलेली, कुठे मिळायची नाही. आम्ही तीन दिवस अंगण पालथं घातलं. मी तर चाळणीने माती चाळली. चौथ्या दिवशी मास्तरीणबाई वड्या डब्यात भरताना एक वडी जरा जड लागली. फोडली तर आत सुई. "नशीब समजा," त्या म्हणाल्या, "उद्या आळनाच्या रश्श्यात गेली असती." मास्तरांनी सुई पुसली, त्या वडीचे दोन्ही तुकडे तोंडात टाकले आणि कामाला लागले.

खर्चाच्या बाबतीत त्यांचं ब्रीद ठरलेलं होतं. "आधी घर धुंडाचं, मंग भंगार, मंग दुकान." दुकानापर्यंत आम्ही फार क्वचित पोचलो. मी इंटरनेटवर शोधून ठेवलेलं वाकडं हँडल त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बाबांचंच हँडल काढलं, उलटं केलं आणि बसवलं. झालं! मी व्हिडिओत पाहिलेलं, हजारोंचं, तेच ते. सीटचं कुबड त्यांनी जुन्या कुलरच्या पत्र्याचं केलं. आपल्या भागात घर तिथे मेलेला कुलर असतोच, माझ्या माळ्यावर दोन होते. मास्तर तो पत्रा मांडीवर घेऊन लाकडी हातोडीने हलके हलके ठोकत बसायचे, दोन ठोके, मग तळहात फिरवायचा, परत दोन ठोके. तीन रविवार तेच. मला वाटायचं, आता उठून हातोडी हिसकावून घ्यावी. चौथ्या रविवारी त्यांनी माझा हात धरून त्या कुबडावरून फिरवला आणि कुठेच खड्डा लागला नाही. मी ओशाळून चहा करायला आत गेले.

वाद झाला नाही असं नाही. व्हिडिओतली पोरं चेसिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, मागचा भाग सरळ ग्राइंडरने उडवून टाकत होती. मलाही तसंच हवं होतं. मास्तरांनी साफ नकार दिला. पुस्तकात जी गाडी लिहिली आहे तीच रस्त्यावर दिसली पाहिजे, चेसिस कापायची नाही, रंगही काळाच राहील, जे करायचं ते नट-बोल्टने, उद्या कोणाला जुनी गाडी परत हवी झाली तर तासाभरात करता आली पाहिजे. मी तणतणले. म्हटलं, मास्तर, तुमच्या जमान्यात असेल तसं, आता कोण बघतं? ते म्हणाले, आरटीओ बघतो, आणि नाही बघितलं तरी मी बघतो. पुढे नियमावली वाचली तेव्हा कळलं, मास्तरांचं ऐकलं नसतं तर गाडी पहिल्याच दिवशी जमा झाली असती. तेव्हा मात्र मी पंधरा दिवस गाल फुगवून बसले होते.

आणि मग ते झालं. चेसिस घासून उघडी केली तेव्हा हँडलच्या खाली, मानेपाशी, एक केसासारखी चीर निघाली. बाबा एकदा नाल्यात पडले होते त्याची असावी. तशी गाडी चालवणं म्हणजे जीव टांगणीला. मास्तरांनी दोन दिवस चिरेकडे नुसतं बघितलं. त्यांची नजर गेली होती आणि ही जागा मानेची. शेवटी म्हणाले, चीर कुठे संपते ते तू सांग, मी भरतो. मी काळा चष्मा लावून त्यांच्या खांद्याला खांदा लावून वाकले आणि 'अजून थोडं डावीकडे, आता बस' असं सांगत गेले. गार झाल्यावर त्यांनी ब्रश मारला. वेल्डिंगची शिवण अशी एकसारखी आली होती की मी तिच्यावरून बोट फिरवत राहिले. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, हे बहुतेक शेवटचं.

त्यांनी लाकडी पेटीतून पंच काढले. दोन आणि सात. हातोडी घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. "गाडी तुही हाय. टाकू का?" मी म्हटलं, टाका ना मास्तर, विचारता काय. उलट मीच जागा दाखवली. हँडलचं आवरण बसलं तरी दिसेल अशी. त्यांनी ठोकलं. मला इतका आनंद झाला की मी त्याचा फोटोही काढला.

दोन आठवड्यांनी पेंटर रंगाचा पहिला हात मारायला आला. त्याने मानेपाशी कापड फिरवलं आणि थांबला. म्हणाला, मॅडम, हा चेसिस नंबर असा लांब काऊन दिसून राह्यला? मी वाकून पाहिलं. गंजाने झिजून पुसट झालेला कंपनीचा चेसिस नंबर तिथेच होता, आणि त्याला चिकटून, त्याच उंचीचे, त्याच ओळीत मास्तरांचे दोन आकडे. पुस्तकात सात आकडी नंबर आणि गाडीवर नऊ आकडी. चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच बदलतात, हे शेंबडं पोरही सांगेल. नोंदणीचं नूतनीकरण करायचं, नावावर करून घ्यायचं, त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यायची, आणि तपासणारा पहिल्यांदा बघणार ते इथेच.

माझ्या ओळखीच्या एका एजंटाने उपाय सांगितला. ग्राइंडर मारा, मेटलपेस्ट भरा, वर रंग. पाच मिनिटांचं काम. पेंटरही मान डोलवायला लागला. मलाही ते पटलं, अगदी शंभर टक्के. मी मास्तरांना म्हटलं, घासून टाका. मास्तर फरशीवर बसले होते. चेहरा उतरलेला. बत्तीस वर्षांत त्यांचा जॉब कोणी परत पाठवला नव्हता.

"घासलं त खोटं होते," ते म्हणाले. "आता फक्त चुकलं हाय."

मी तेव्हा काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. तुमच्या नावाच्या हौसेपायी माझ्या बाबांची गाडी जाईल, एवढं बोलले हे खरं. मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या. मास्तर म्हणाले, गाडी घेऊन तपासणीला मीच येतो, साहेबाने विचारायच्या आधी मी सांगतो.

आणि त्यांनी तसंच केलं. तपासणीच्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. निरीक्षक तरुण होता, त्याने अजून टॉर्चही काढला नव्हता, तोच मास्तरांनी त्याला गाडीच्या पुढे नेलं, बोटाने आकडे दाखवले, पिशवीतून पंच काढून टेबलावर ठेवले आणि आयटीआयची सगळी रीत सांगितली. तो निरीक्षक भला होता, ऐकून घेतलं. पण म्हणाला, काका, आता मला डोळेझाक करता येत नाही. मूळ नंबर तपासायला पाठवावा लागेल, पोलिसांकडून अहवाल येईल, तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही. अहवाल उलटा आला तर गाडी जप्त. दोघांचे जबाब लिहून द्या. आधी मालकाचा.

मी व्हरांड्यात बाकावर बसून जबाब लिहिला. मी खिडकीवर काम करते, जबाब कसा लिहावा म्हणजे आपल्यावर काही येत नाही, हे मला पाठ आहे. 'सदर अंक संबंधित कारागिराने माझ्या गैरहजेरीत व माझ्या परवानगीशिवाय टाकले असून त्यास मी जबाबदार नाही.' एका दमात, खाडाखोड न करता. सही केली, आत दिला आणि मास्तरांसाठी न थांबता निघून आले. टेम्पो करून गाडी घरी आणली आणि ताडपत्री टाकली. मास्तर रिक्षाने गेले असतील.

त्यानंतर सात महिने मी सिंदी मेघेत मास्तरांच्या गल्लीत गेले नाही. रस्त्यात २७ दिसला की मान फिरवायची. आई दोनदा म्हणाली, म्हाताऱ्या माणसावर एवढा राग बरा नव्हे. मी म्हटलं, तुला काय कळतं. खरं सांगायचं तर राग कधीच ओसरला होता. राहिली होती ती लाज, आणि लाजेला आमच्याकडे रागाचंच झाकण लावतात.

थंडीत मास्तर आजारी पडल्याचं कळलं. फुप्फुसं. बत्तीस वर्षं वेल्डिंगचा धूर. मी दवाखान्यात गेले, संत्री घेऊन, परक्यासारखी. ते बरेच आटले होते. मला ओळखायला त्यांना आवाज ऐकावा लागला. मला वाटलं, आता ते विचारतील, इतके दिवस कुठे होतीस. त्यांनी विचारलं, टाकीतलं पेट्रोल काढून आत तेल फिरवलंस का, नाहीतर आतून गंजेल. आठ दिवसांतून एकदा किक मारत जा, इंजिन अडकून बसता कामा नये. मी हो हो म्हणत राहिले. जबाबाचं ओठावर आलं होतं. मी काय लिहिलं ते यांना माहीत नाही, मग या अवस्थेत कशाला सांगायचं, असं म्हणून मी तेही गिळलं. निघताना म्हणाले, "येत जाजो. कुबडाले पॉलिश राह्यलं हाय."

त्यानंतर नवव्या दिवशी ते गेले. विहाराच्या अंगणात बाया-माणसं मावली नाहीत. त्यांचे विद्यार्थी कुठून कुठून आले होते, कारखान्यातले, रेल्वेतले, दोघे-तिघे तर टाय लावलेले साहेब. त्रिशरणाची प्रार्थना सुरू झाली. कठड्याला धरून उभी होते आणि हाताखाली ते दोन आकडे लागत होते. मास्तरीणबाईंनी मला जवळ ओढून घेतलं. रडल्या नाहीत. मला मात्र रडू आवरेना, आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

गेल्या महिन्यात आरटीओतून निरोप आला. अहवाल सरळ आला होता, मूळ नंबर खरा निघाला, गाडी माझ्या नावावर झाली होती, आरसी घेऊन जा. मी खिडकीवर उभी राहिले. बाबूने फाइल काढली, पोच म्हणून सही करायला पान उघडलं आणि सहज विचारलं, "ते काका आले नाईत का तुमच्यासोबत? दर दुसऱ्या सोमवारी येत होते."

मी विचारलं, कोण काका? तो म्हणाला, ते पंचवाले. अर्ज घेऊन यायचे. आधी कोणी लक्ष देत नव्हतं, पण ते बाकावर बसून राहायचे, पावसापाण्यातही. शेवटी साहेबांनी स्वतः पोलिसांकडे पाठपुरावा केला. चौकशीला त्यांना तीनदा ठाण्यात बोलावलं होतं, तिथेही गेले. मी म्हटलं, ते गेले. बाबूने फाइल माझ्याकडे वळवून दिली.

एकामागे एक अर्ज लावलेले होते. जाड खडूसारखं अक्षर, ओळी खाली खाली उतरत गेलेल्या. प्रत्येकात तीच दोन वाक्यं. माझ्या चुकीमुळे सदर मुलीस त्रास होत आहे. कृपया तिची गाडी मोकळी करावी. मी मागे मागे पानं उलटत गेले. सगळ्यांत खाली माझा जबाब होता, एका दमात लिहिलेला. त्याच्यावर टाचलेला मास्तरांचा जबाब. म्हणजे मी निघून गेल्यावर त्यांना माझा जबाब दाखवला गेला होता. त्यांनी तो वाचला होता. डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचला असेल. आणि खाली लिहिलं होतं :

'अर्जदार बाईने लिहिले आहे ते खरे आहे. अंक टाकताना ती हजर नव्हती. मी तिला विचारले नाही.'

खाली सही, आणि सहीपुढे, सवयीने, २७.

मी ते कितीदा वाचलं कोण जाणे. मागचा माणूस म्हणाला, मॅडम, पुढे सरका ना. घासलं तर खोटं होतं म्हणून ज्याने स्वतःची अब्रू टेबलावर नेऊन ठेवली, त्या माणसाने आयुष्यात एक खोटं काम केलं ते माझं खोटं खरं ठरवण्यासाठी. आणि दवाखान्यात मला टाकीतल्या पेट्रोलचं विचारलं. हे सगळं माहीत असताना!

बाबूने आरसी माझ्यासमोर ठेवली होती. बाबांच्या नावाच्या जागी माझं नाव. मी त्याला कोरा कागद मागितला. त्याला वाटलं, पोच लिहिते आहे. मी लिहिलं : अंक टाकताना मी हजर होते. मास्तरांनी मला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं, जागाही मीच दाखवली होती. माझा आधीचा जबाब खोटा आहे. मोबाइलमधला फोटो दाखवू शकते, असंही लिहिलं. खाली सही केली.

बाबूने वाचलं. इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला. म्हणाला, मॅडम, आता याची काय गरज? काका तर गेले, फाइल बंद झाली. हे जोडलं तर परत साहेबांकडे जाईल, तुमची आरसी थांबेल, वर तुम्हालाच नोटीस येईल. फाडून टाका, मी काही वाचलं नाही.

तो माझ्या भल्याचंच सांगत होता. मीही माझ्या खिडकीतून लोकांना असंच सांगते. मी आरसी उचलली, त्या कागदावर ठेवली आणि दोन्ही आत सरकवलं. म्हटलं, आवक शिक्का मारून द्या.